कातड्यात न मावलेला मुलूख

कोळी जमातीचा जयबा मुकणे पिंपरीच्या देवस्थानाला गेला. तिथे पाच कोळी गोसाव्यांनी त्याला आशीर्वाद दिला आणि जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. मग जयबाने माणसे जमवली, पेठ-धरमपुरावरून तो सुरतेकडे आणि तिथून काठेवाडात गेला. सात वर्षांनी परतल्यावर त्याने जव्हारच्या वारली सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. सरदार हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकापुढे एक लावल्या आणि सगळा मुलूख त्यांच्या वेढ्यात घेतला. वारली सरदाराच्या वाट्याला गंभीरगडाकडचा प्रदेश आला. जेम्स कॅम्बेलच्या देखरेखीखाली १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जव्हार संस्थानची सुरुवात अशी सांगितली आहे.

ही घटना जशीच्या तशी घडली असे कोणताही इतिहासकार म्हणणार नाही. कातड्याची हीच युक्ती भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या डिडो राणीच्या नावावरही सांगतात. गॅझेटियर लिहिणाऱ्या इंग्रजांनाही हे साम्य दिसले होते आणि त्यांनी ते नोंदवले. तेव्हा कातडे बाजूला ठेवू. तरीही कथेत एक गोष्ट उरते, आणि ती कथेहून महत्त्वाची आहे. जमीन मागायची तर ती आधी कुणाची तरी असावी लागते. राजघराण्याच्या या कथेत ती वारल्यांची आहे.

कोर्टात साक्ष तोलताना एक कसोटी लावतात. माणूस स्वतःच्या फायद्याचे बोलला तर ते सावधपणे घ्यावे. स्वतःच्या हिताविरुद्ध काही कबूल केले, तर त्याला वजन द्यावे. आपला मुलूख मुळात ओसाड होता, देवाने दिला किंवा तलवारीने जिंकला, असे सांगणे मुकण्यांना सोपे होते. त्यांची कथा तसे सांगत नाही. आपल्या आधी इथे दुसरा धनी होता आणि त्याची जमीन आपण चतुराईने घेतली, असे ती सांगते. घराण्याच्या हक्काला बाध आणणारा हा तपशील पिढ्यान्‌पिढ्या टिकला. तो गाळता येऊ नये इतका लोकांना ठाऊक होता, हेच त्याचे सर्वांत सरळ कारण दिसते.

आज जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत लोकसंख्येचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग अनुसूचित जमातींचा आहे: वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. इथल्या तरुणांना आपला वारसा शोधायचा झाला तर त्यांच्यापुढे दोन प्रकारचा ऐवज आहे. एक, परक्यांनी आणि राजांनी लिहिलेले कागद. दुसरा, रानात आणि गावशिवेवर उभे असलेले दगड, विहिरी, मसणवट्या, देवाच्या राया. या दोहोंतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे पाहू.

तीन तारखा

१९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमधील जव्हारची नोंद थोडक्यात आहे. क्षेत्रफळ ३१० चौरस मैल, १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या ४७,५३८. इतिहासाचा परिच्छेद सुरू होतो तोच वारल्यांपासून: १२९४ पर्यंत, म्हणजे दख्खनवर मुसलमानी फौजेची पहिली स्वारी होईपर्यंत, जव्हार कोळ्याच्या नव्हे तर वारली सरदाराच्या ताब्यात होते. सरकारी ग्रंथात, इतक्या स्पष्ट शब्दांत आलेले हे विधान मोलाचे आहे. पण ते तपासून घ्यायला हवे.

१२९४ हा आकडा वारल्यांच्या आठवणीतून आलेला नाही. अल्लाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरील स्वारीचे ते जुन्या ग्रंथांतले साल आहे. आजचे इतिहासकार ती स्वारी १२९६ मध्ये धरतात. म्हणजे संपादकांनी वारल्यांच्या सत्तेचा शेवट दिल्लीच्या इतिहासातल्या एका खुंटीला बांधून टाकला. विधानातला ‘कोण’ स्थानिक परंपरेतून आला आहे, ‘केव्हा’ बाहेरून चिकटवला आहे. म्हणून पहिला भाग स्वीकारावा आणि सालावर भिस्त ठेवू नये. त्या ओळीत वारली सरदाराचे नावही नाही. जिंकणाऱ्याचे नाव, त्याच्या मुलाचे नाव, त्याला मिळालेला किताब, सगळे जपले गेले. ज्याचे गेले तो ‘एक वारली’ एवढाच उरला.

दुसरी तारीख ५ जून १३४३. जयबाचा मुलगा निमशहा याला दिल्लीच्या बादशहाकडून राजा म्हणून मान्यता मिळाल्याचा हा दिवस. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद तुघलक होता. जव्हार दरबाराला ही घटना एवढी मोठी वाटली की या दिवसापासून संस्थानचा स्वतंत्र शक मोजला जाऊ लागला आणि दरबारी कागदांत तो वापरला गेला. डोंगरातल्या एका आदिवासी घराण्याचा स्वतःचा शक असावा, ही गोष्ट साधी नाही. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शक १६७४ चा. त्याच्या तीन शतके आधीपासून आपला काळ मोजत असल्याचा दावा जव्हार करत होते.

तिसरी तारीख ५ जून १६७२. मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने जव्हार घेतले, राजा विक्रमशहा मोगली मुलखात निघून गेला आणि खजिन्यात सतरा लाख रुपये सापडले, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. त्याआधी १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना महाराज आणि विक्रमशहा यांची शिरपामाळावर भेट झाली, असे स्थानिक परंपरा सांगते. आठ वर्षांत स्नेहाचे वैर झाले. उत्तर कोकणातून गुजरातेकडे जाणारी वाट ज्याच्या हातात, त्याच्याशी स्नेह आणि वैर दोन्ही करावे लागते, एवढा या घटनाक्रमाचा अर्थ आहे. मिळवलेल्या आणि गमावलेल्या राज्याच्या दोन्ही तारखा ५ जूनच्याच निघाव्यात, हे मात्र वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. चौदाव्या शतकातली तिथी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी तारखेत बसवताना काय काय होऊ शकते, हे ध्यानात ठेवून १३४३ च्या तारखेकडे पाहावे.

या तिन्ही तारखांत लोक कुठे आहेत? किताब मोजला, खजिना मोजला. नागली-वरी पिकवणाऱ्या वरकस जमिनी, त्या कसणारी माणसे, त्यांचे पाडे यांतले काहीच नाही. अठराव्या शतकात पेशव्यांनी जव्हारचा मुलूख बराच आकुंचित केला, तेव्हाही महसूल घटला एवढेच कागदांत येते. राज्ये बदलताना पाड्यावर काय घडले ते कळायला दुसऱ्या जातीचे कागद लागतात.

पोलिसाने आणि मिशनऱ्याने लिहिलेले

असे दोन कागद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहेत. पहिला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉशचा. महादेव कोळ्यांची कुळे, चालीरीती, परंपरा यांचा सविस्तर वृत्तांत त्याने १८३० च्या दशकात लिहिला. हा मनुष्य अभ्यासक म्हणून डोंगरात आला नव्हता. १८२९-३० मध्ये रामा किरव्याच्या नेतृत्वाखाली कोळ्यांनी बंड केले, ते मोडून काढणाऱ्यांत तो होता. ज्यांचा पाठलाग केला त्यांच्याच घराण्यांची माहिती त्याने गोळा केली. त्यामुळे त्याच्या वृत्तांतात कुळांची, नात्यांची, वाटांची माहिती बारीक आहे. पोलिसाला तीच लागते. वाचणाऱ्याने हेतू ओळखावा आणि माहिती घ्यावी.

दुसरा कागद डॉ. जॉन विल्सनचा. मुंबईतल्या विल्सन कॉलेजशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तोच हा स्कॉटिश मिशनरी. उत्तर कोकणातल्या वारली आणि कातोडी या दोन रानातल्या जमातींवरचा त्याचा लेख १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. या लेखात वारल्यांशी झालेले संभाषण सवाल-जवाबाच्या रूपात छापले आहे. आपल्या हाती असलेल्या सगळ्या जुन्या कागदांत वारली माणूस स्वतः बोलताना ऐकू येतो तो इथे.

विल्सन विचारतो, कोणत्या देवाला भजता? उत्तर येते, वाघियाला, म्हणजे वाघांच्या धन्याला. त्याला रूप आहे का? नाही, तो घडवलेला नसलेला दगड आहे, त्याला शेंदूर आणि तूप माखतो. त्याला काय देता? कोंबडी, बकरा, डोक्यावर नारळ फोडतो, तेल ओततो. तो काय देतो? वाघापासून राखतो, पीक चांगले देतो, आजार दूर ठेवतो. आणि सगळे देऊनही तो राखत नसेल तर? तर त्याला सुनावतो, की तुला कोंबडी दिली, बकरा दिला, तरी आम्हालाच मारतोस, आणखी काय हवे तुला?

प्रश्न सगळे मिशनऱ्याचे आहेत. देव एक की अनेक, पाप कशाला म्हणता, मेल्यावर कुठे जाता, अशी त्याची चाल आहे आणि उत्तरांत अज्ञान दिसावे हा त्याचा रोख आहे. पण उत्तरे त्या रोखाला जुमानत नाहीत. देवाशी हिशेब मांडणारा, हिशेब चुकला तर त्याला जाब विचारणारा माणूस त्यांत दिसतो. आणि विल्सनच्या ध्यानात आले नसेल, पण त्याने आपल्यासाठी पुरातत्त्वाची एक नोंद करून ठेवली: दगड कसा, त्यावर काय माखलेले, त्याच्यापुढे कोणते विधी, कशासाठी.

ती नोंद पडताळून पाहता येते, कारण तो देव गेलेला नाही. डब्ल्यूसीएस-इंडिया या वन्यजीव संस्थेच्या रम्या नायर आणि सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत वाघोबाच्या स्थानांचा शोध घेतला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात दीडशेहून अधिक स्थानांची नोंद आहे. वाघ या रानांतून गेला, बिबट्या राहिला. पूजा चालू आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गाव त्या स्थानाशी जमते. कुठे नुसता दगड असतो, कुठे दगडी किंवा लाकडी फळीवर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, बाजूला नाग. शेंदराच्या पुटांखाली कोरीव काम बुजून जाते, बोटांनी चाचपले तर कळते. विल्सनने टिपलेला आणि आज दिसणारा विधी एकमेकांशेजारी ठेवले तर पावणेदोनशे वर्षांचा धागा हाती येतो. लिखित आणि दृश्य, दोन स्वतंत्र साधने एकच गोष्ट सांगतात. इतिहासात याहून मोठी खातरजमा क्वचित मिळते.

दोन दप्तरे, एकच रान

जव्हार आणि मोखाडा आज शेजारचे तालुके म्हणून एका दमात उच्चारले जातात, पण त्यांची जुनी दप्तरे वेगळी आहेत. जव्हार संस्थानी मुलूख. तिथली जमीनधारा, जंगलाचे नियम, वेठ, सगळे दरबाराच्या हुकमाने. मोखाडा हा इंग्रजी अमलातल्या ठाणे जिल्ह्यातला, शहापूर तालुक्याचा पेटा. तिथे ब्रिटिश मोजणी, ब्रिटिश वनखाते. साहजिकच एकाच जमातीच्या, एकमेकांत सोयरिकी असलेल्या दोन पाड्यांपैकी एकाचा पुरावा संस्थानच्या कागदांत आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या राजकीय खात्याच्या दप्तरात शोधावा लागतो, दुसऱ्याचा मोजणीच्या नकाशांत आणि वनखात्याच्या नोंदींत. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तोवर ही शीव पक्की होती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा दोन्ही तालुके त्यात आले.

विसाव्या शतकात कागदांचा सूर बदलतो. मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टनचा आदिवासी भागांवरचा अहवाल १९३९ मध्ये निघाला. सावकार आणि जमीनदारांनी चालवलेल्या वेठीचे आणि कर्जाच्या विळख्याचे वर्णन त्यात सरकारी भाषेत का होईना, पण स्पष्ट आहे. के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे पुस्तक १९४५ चे. त्याच वर्षी तलासरी-उंबरगाव-डहाणू पट्ट्यात वारल्यांनी वेठ नाकारली, ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या उठावाची कहाणी सांगितली.

स्वातंत्र्यानंतर जमिनीचा प्रश्न वेगळ्या कागदावर आला. रानात कसणारा वनखात्याच्या लेखी ‘अतिक्रमणदार’ ठरला. काहींना एकेका सालासाठी प्लॉट मिळाले, ते एकसाली म्हणून ओळखले गेले. इतरांवर गुन्हे दाखल झाले, दंड झाला. १९७८ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली वनजमिनीवरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले, तेव्हा त्या दंडाच्या पावतीला सोन्याचे मोल आले. गुन्हा केल्याचा कागद हाच हक्काचा पुरावा! ज्याने निमूटपणे दंड भरून पावती जपली तो सुटला. वनरक्षकाने पैसे घेऊन पावती दिली नाही तो अडकला. ठाणे जिल्ह्यातल्या कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९९१ मध्ये न्यायालयाने पावतीअभावी फेटाळलेल्या दाव्यांची पुन्हा चौकशी करायला सांगितले. कागद नसलेल्याची साक्षही साक्ष असते, हे तत्त्व तिथे पुढे आले.

नियम १३

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ चे. या नियमांतला तेरावा नियम पुराव्यांचा आहे. वकिलांखेरीज तो फारसे कुणी वाचत नाही. पण पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याने तो वाचला तर त्याला आपल्याच विषयाचा अभ्यासक्रम समोर दिसेल.

काय काय पुरावा चालतो? गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल, नकाशे. पूर्वीच्या संस्थानांकडचे दस्तऐवज. घरे, बांध, सपाट केलेली शेते. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे अशा जागेचे जुनेपण दाखवणाऱ्या परंपरागत रचना. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ. दावेदार नसलेल्या जाणत्यांचा लिहून घेतलेला जबाब. सामूहिक हक्कासाठी आणखी: चराईची राने, कंदमुळांच्या आणि औषधी वनस्पतींच्या जागा, पाणवठे, गावाने बांधलेल्या वास्तूंचे अवशेष, देवाची झाडे, देवराया. यांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असेही नियम सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने विशिष्ट कागदाचाच आग्रह धरायला समित्यांना मनाई केली आणि उपग्रहाची छायाचित्रे इतर पुराव्याला जोड म्हणून घ्यावीत, त्याच्या जागी नव्हे, हेही स्पष्ट केले.

१८८२ च्या आणि १९०८ च्या गॅझेटियरांनी ज्यांना कथेपुरते ठेवले, त्यांच्या वंशजांच्या हाती तेच गॅझेटियर आता कायद्याने पुरावा म्हणून आले आहे. मात्र त्याची मर्यादा ओळखायला हवी. ‘जव्हार एकेकाळी वारल्यांकडे होते’ या ओळीवर एक गुंठाही मिळत नाही, आणि मिळूही नये. आदिवासीच्या वैयक्तिक दाव्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवणे पुरेसे आहे. तिथे चौदाव्या शतकाचे काम नाही. सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्यात मात्र गावाची परंपरागत हद्द दाखवावी लागते. ती सातबाऱ्यावर नसते. ती शिवेवरच्या चेडोबाच्या, वाघदेवाच्या, गावदेवाच्या जागांवरून, आटलेल्या विहिरीवरून, सोडून दिलेल्या पाड्याच्या जोत्यांवरून काढावी लागते. हे काम ग्रामसभेच्या वनहक्क समितीचे. समितीत दहा ते पंधरा जण असतात. नकाशा वाचणे, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घेणे, जबाब लिहून काढणे ही कामे शाळा-कॉलेज केलेल्या पोरांवर येतात. जव्हार-विक्रमगड-मोखाड्यात वयम् चळवळीसारख्या संघटनांनी गावकऱ्यांना या कायद्याची अंगे शिकवली आहेत.

ज्याला पुरातत्त्वात पृष्ठभागाचे सर्वेक्षण म्हणतात, ते हेच. फरक इतकाच की विद्यापीठातला संशोधक नमुना गोळा करून परततो आणि इथला तरुण ज्या जागेची नोंद करतो तिथेच त्याची आजी जळण गोळा करत असते.

म्हणूनच ही नोंद नीट व्हायला हवी. वाघोबाच्या दगडाची नोंद कशी करावी? दगड हलवू नये, शेंदूर खरवडू नये. मोजपट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. तोंड कोणत्या दिशेला, कोणत्या झाडाखाली, वाट कुठून येते, पाणी किती अंतरावर, कोणत्या दोन गावांची शीव तिथे मिळते, हे लिहावे. दगड स्थानिक काळा की बाहेरून आणलेला, कोरलेला की अनघड, ते पाहावे. मग भगताला आणि जाणत्या बाईला वेगवेगळे विचारावे: पूजा कुठल्या कुळाकडे, कुठल्या गावचे लोक येतात, स्थान इथेच होते की पाडा हलला तेव्हा हलले. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे, जुळवून घेऊ नये. नुसत्या शेंदरावरून दगडाचे वय सांगता येत नाही. गेल्या वर्षी मांडलेला दगडही दोन दिवाळ्यांत जुना दिसू लागतो. वय ठरते ते आजूबाजूच्या गोष्टींवरून: शेजारची जोती, विहिरीची बांधणी, वंशावळीतली नावे. पुरातत्त्वातला पहिला धडा हाच, की वस्तू संदर्भातून उचलली की तिची अर्धी साक्ष संपते.

फावडे न उचलता

१८८२ हे ठाणे जिल्ह्याच्या पुरातत्त्वातले मोठे वर्ष. त्या वर्षी एप्रिलात पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या टेकाडावर उत्खनन केले. गावकरी त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. आतून स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती, सोन्याची फुले, यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे. सोपाऱ्यालाच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्या वर्षी सापडला. एवढे बंदर किनाऱ्यावर नांदत होते तर त्याचा माल घाटावर जायच्या वाटा याच डोंगरांतून गेल्या असणार. पण सोपाऱ्याचा ऐवज मुंबईला गेला आणि जव्हारकडे कुणी फावडे घेऊन वळले नाही. त्याच वर्षीच्या गॅझेटियरने या मुलखाला कातड्याची कथा देऊन मोकळे केले.

आजच्या तरुणांनी फावडे उचलावे असे मात्र नाही. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, आणि १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीची गाडलेली वस्तू सापडली तरी कलेक्टरला कळवावी लागते. खरे तर गरजही नाही. इथला बहुतेक वारसा जमिनीच्या वर आहे आणि वापरात आहे.

जगात इतरत्र या प्रश्नाची दुसरी बाजू गाजली आहे. अमेरिकेतले मूळ रहिवासी आणि ऑस्ट्रेलियातले आदिवासी यांच्या पूर्वजांच्या अस्थी संग्रहालयांत कपाटबंद होत्या. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्मिलियन इथे जागतिक पुरातत्त्व परिषदेने मृतांच्या आणि त्यांच्या समाजाच्या इच्छेचा मान राखण्याचे तत्त्व मान्य केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अस्थी परत करण्याचा कायदा झाला. ज्यांचा वारसा, त्यांना विचारल्याशिवाय संशोधन नाही, हे तिथे संघर्षातून आले. जव्हारच्या ग्रामसभेला हा अधिकार मागायला कुठे जावे लागत नाही. पेसा कायदा १९९६ चा आहे आणि आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम असल्याचे तो सांगतो.

आपल्याच समाजाचा अभ्यास आपणच करण्याची उदाहरणेही घरची आहेत. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे (१९३९-२००६) हे महादेव कोळी समाजातून आलेले अभ्यासक पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले आणि महाराष्ट्रातल्या जमातींवर त्यांनी ग्रंथ लिहिले. मॅकिन्टॉशने ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्यातला माणूस दीडशे वर्षांनी लिहिणाऱ्याच्या जागी बसला. डहाणूकडच्या आदिवासी युवा सेवा संघाने वारली चित्रकलेसाठी भौगोलिक मानांकन मिळवले. त्या अर्जासाठीही ही कला इथलीच आणि जुनी आहे, हे पुराव्यानिशी मांडावे लागते. पुरावा गोळा करण्याची सवय तरुणांना अशी एकेका कामातून लागते आहे.

यात एक धोका आहे. दाव्यासाठी पुरावा शोधणारा माणूस दाव्याला सोयीचे तेवढेच पाहतो. शेजारच्या गावचा देव आपल्या शिवेत ओढायचा मोह होतो. कोकणा पाड्याची विहीर वारल्यांची म्हणून लिहिली जाते किंवा उलटे होते. ज्या राजघराण्याने वारल्यांची जमीन घेतली तेही आदिवासीच होते, हे सांगायला जड जाते. साधार लिहायचे तर हेही लिहावे लागेल. मुकण्यांच्या कथेला वजन आले ते तिने गैरसोयीची गोष्ट लपवली नाही म्हणून. ग्रामसभेच्या नोंदीलाही वजन येईल ते त्याच मार्गाने: शीव जिथे वादाची आहे तिथे वादाची म्हणून लिहिली, दोन जाणत्यांचे मत जुळले नाही तिथे दोन्ही टिपली, तर उपविभागीय समितीपुढे आणि तिच्याही पुढे ती टिकेल.

दाव्याची फाइल प्रांताकडे जाते, तिथून कलेक्टरकडे. कधी मंजूर होते, कधी वर्षानुवर्षे पडून राहते. म्हणून नोंदवहीची दुसरी प्रत गावात ठेवावी: छायाचित्रे, नकाशा, वंशावळी, जबाब, जबाब देणाऱ्याचे नाव आणि तारीख यांसह. सात शतकांच्या कागदांत या मुलखातल्या पहिल्या धन्याचे नाव कुणी लिहिले नाही. ते आता मिळणार नाही. पण त्याच्यानंतर जे कसत राहिले, त्यांची नावे लिहिणे या पिढीच्या हातात आहे आणि त्यासाठी तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही.